तिथीची पाऊणपट

मुंबईकराच्या पानात दुपारी जो कांदा पडतो, तो आदल्या रात्री कोठे होता असे कोणी विचारले, तर दहापैकी नऊ वेळा उत्तर एकच येईल : वाशीला, एपीएमसी मार्केटात. मुंबई कृषि उत्पन्न बाजार समिती हे त्या संस्थेचे भरजरी नाव. पण ते पाटीवर आणि पावतीवर शोभण्यापुरतेच. हमालापासून शेटजींपर्यंत आणि नाशिकच्या ट्रकवाल्यापासून देवगडच्या बागाईतदारापर्यंत सारे तिला ‘एपीएमसी’च म्हणतात. इंग्रजी चार अक्षरे इतकी मराठी झालेली दुसरीकडे क्वचितच आढळतील. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे तिचे पाच बाजार. इतर गावांना पहाट होते. या गावाला पहाट होत नाही, कारण तिथे रात्रच झालेली नसते. पहाटे तीनला भाजीबाजारात पाय ठेवा. कोथिंबिरीच्या ओल्या जुड्यांचा वास, डोक्यावर गोणी घेऊन ‘चला बाजू, चला बाजू’ करीत धावणारे माथाडी, आणि या गर्दीतही कपबशी न हिंदकळू देता चहा पोचवणारा पोरगा दिसेल. मला विचाराल तर मुंबई पाहायला येणाऱ्याने आधी हे पाहावे आणि मग राणीचा बाग.

पण या बाजाराला एक बाजू अशी आहे की तिकडे तो कधी पाहतच नाही. पश्चिमेला पाऊण तासाच्या चालीवर ठाण्याची खाडी आहे. एके काळी या काठावरचा भात, पेंढा, मीठ आणि मासळी मुंबईला जाई ती पडावांतून, भरती-ओहोटीच्या पाठीवर बसून. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली खाडीवर मोटारींचा पूल खुला झाला, १९९२ साली आगगाडी आली. मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या मुलखात एवढा प्रचंड बाजार उभा राहिला, पण त्याचा माल येतो तो सारा रस्त्याने. साऱ्या मुंबईचे जेवण रोज खाडी ओलांडते, मात्र पुलावरून. खाली पाणी आहे, याची वर्दी ड्रायव्हरला मिळते ती फक्त वासावरून.

मी या बाजारात अठ्ठावीस वर्षे पट्ट्या लिहिल्या. पट्टी म्हणजे काय, ते शहरी वाचकाला सांगितले पाहिजे. कोकणातल्या बागाईतदाराने आंब्याच्या शंभर पेट्या पाठवल्या, की अडत्या त्या विकतो आणि आलेल्या पैशातून मोटारभाडे, हमाली वगैरे खर्च वजा घालून उरलेली रक्कम ज्या कागदावर लिहून पाठवतो, ती पट्टी. बागाईतदार वर्षभर मोहोराकडे पाहतो, ढगाकडे पाहतो, आणि शेवटी पाहतो तो पट्टीकडे. १९९६ साली घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटातून इकडे आला, तेव्हा आमचा गाळाही आला आणि गाळ्यामागोमाग मी. त्या वेळी तिशीत होतो. २०२४च्या पावसाळ्यात शेवटची पट्टी लिहिली, पेन गल्ल्यावर ठेवले आणि घरी आलो.

घरी सौ. होती. तीही त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेली. मी जुन्नरकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचे, नाहीतर कुकडी नदीचे, आणि तेही उन्हाळ्यात उसने. ही मात्र खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. आमचे लग्न कसे जमले हा या लेखाचा विषय नाही, आणि तो विषय निघालाच तर आम्हा दोघांच्या जबान्या जुळत नाहीत.

तिच्या वडिलांची एक सागाची होडी होती. बोये, कोळंबी, चिंबोऱ्या, आणि नशीब उघडले तर एखादा जिताडा, असा त्यांचा व्यवहार. पुढे खाडीच्या काठाने कारखाने वाढले, वस्ती वाढली, पाण्याचा रंग फिरला आणि जाळ्यात मासळीपेक्षा प्लॅस्टिक जास्त येऊ लागले. मामंजी थकले. मुलगा नाही. मुलीने होडी मागितली होती. ते म्हणाले, “तू शिकलेली. तू वल्हं मारणार?” होडी तिवरांत ओढून ठेवली ती ठेवलीच. मी जावई म्हणून त्या घरी जाऊ लागलो तेव्हा तिच्या फळ्यांतून शेवाळ डोकावत होते. चारपाच पावसाळ्यांत नुसत्या वांका उरल्या, मग त्याही गेल्या. सौ.ने त्यावर कधी अवाक्षर काढल्याचे मला आठवत नाही. सत्तावीस वर्षांत नाही. आणि एके दिवशी चहाचा कप पुढे ठेवता ठेवता म्हणाली, “अहो, माझ्या फंडाच्या पैशातून मी होडी घेतेय.”

यावर जे झाले ते कोणत्याही घरात होईल तेच झाले. परदेशी असलेल्या मुलीचा फोन आला. तिच्या मते ही रक्कम बँकेत ठेवायला हवी होती. शेजारच्या गृहस्थांनी तेवढ्या पैशात चारधाम किती वेळा होते त्याचा हिशेब मांडला. मी तरी काय बोलणार? मी हिशेबनीस. मला जमा कळते आणि नावे कळते. पाण्यावर तरंगणारी रक्कम कोणत्या बाजूला लिहायची ते मला कोणी शिकवले नव्हते. शेवटी बाजारात होतो तसा सौदा झाला. होडी घ्यायची, दोघांनी तीन दिवस आणि दोन रात्री तिच्यात काढायच्या. परत आल्यावर दोघांपैकी एकजण जरी ‘नको’ म्हणाला, तरी तिच्या मावसभावाने ती दहा टक्के कमी किमतीला घ्यायची. मावसभाऊ धंदेवाईक कोळी. त्याने आनंदाने मान डोलावली. तोवर होडीवर नाव घालायचे नाही, नोंदणीचा आकडा तेवढा राहील. ही शेवटची अट सौ.ची.

होडी रायगडकडच्या एका कारखान्यात बांधून घेतली. फायबरची, बावीस फूट लांब. पुढच्या अंगाला एक छपराची खोली, तीत दोन माणसे निजू शकतात, मात्र कूस बदलायची ती एकमेकांना विचारून. मागे पेट्रोलचे लहान इंजिन, मधे काठी आणि तिरक्या परमाणावर बांधायचे एक त्रिकोणी शीड. बूड असे पसरट, की पाणी ओसरले तर चिखलावर बदकासारखी बसून राहील. मुलीने, रागावलेली असूनही, एक पुस्तक धाडले. लिन आणि लॅरी पार्डी नावाच्या एका जोडप्याचे. त्यांनी स्वतः बांधलेली सेराफिन नावाची होडी १९६८ साली पाण्यात उतरवली आणि इंजिनाशिवाय, नुसत्या शिडावर अकरा वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. होडीची लांबी साधारण चोवीस फूट. “म्हणजे आपल्यापेक्षा दोनच फूट जास्त,” सौ. म्हणाली. आमच्या आरमाराचे कमांडर दिलीप दोंदे २००९-१०मध्ये ‘म्हादेई’वरून एकटे जगाला वळसा घालून आले, ती होडी छप्पन्न फुटी होती, हे मी तिच्या निदर्शनास आणले. तिने तिकडे लक्ष दिले नाही. आमच्यापुढे पृथ्वी नव्हतीच. ठाण्याची खाडी सव्वीस किलोमीटर, आणि तिच्या तोंडापाशी घारापुरी आणि मोरा. एवढाच आमचा भूगोल.

निघायचा दिवस तिने पंचांग उघडून ठरवला. मला वाटले मुहूर्त पाहते आहे. ती पाहत होती तिथी. कोकणच्या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेले, पण आम्हा घाटावरच्यांनी कधी न ऐकलेले ते गणित इथे देतो. वाचकाला कधी समुद्रावर उपयोगी पडेल. तिथीची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळी पुन्हा सहाच्या पुढे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत जाल तसे पाणी थोडे उशिरा येते, तेवढे धरावे. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागे चालते, म्हणून हे जमते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढते, खूप ओसरते आणि त्याची ओढही जबर. अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे पाणी त्यामानाने सोशिक. “शिकाऊ माणसाला अष्टमीच बरी,” ती म्हणाली. शिकाऊ माणूस कोण, हे तिने सांगितले नाही. मला मात्र अठ्ठावीस वर्षांच्या आकडेमोडीत इतका सुबक हिशेब भेटला नव्हता. ना कसर, ना वटाव, ना उधारी. मामंजी निरक्षर होते आणि हे गणित त्यांनी तिला बोटांच्या पेरांवर शिकवले होते.

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी पक्की झाली. आदल्या पहाटे आम्ही शिधा घ्यायला एपीएमसीत गेलो. आता, ज्या बाजारात गोणीखाली माप नाही, तिथे दोन माणसांचा तीन दिवसांचा बाजार करणे म्हणजे हत्तीकडून सुईत दोरा ओवून घेण्यासारखे आहे. आमच्या जुन्या गाळ्यावर बातमी आधीच पोचली होती. शेटजी गादीवरून उठून बाहेर आले. “मेहता, समुद्रावर चाललात म्हणे!” म्हणाले, आणि नागपुरी संत्र्यांच्या दोन पेट्या पुढे ढकलल्या. कांदा-बटाटा बाजारातला एक जुना स्नेही एक गोण कांदा आणि एक गोण बटाटा द्यायला निघाला. मी पैसे काढले तर त्याच्या डोळ्यांत दुखावल्याचे दिसले. मसाल्याच्या गाळ्यावरून मिरची आली, दाणाबाजारातून तांदूळ आला. फळबाजारात त्या दिवसांत आफ्रिकेतल्या मलावीचा हापूसही येतो. रत्नागिरीची कलमे तिकडे नेऊन लावली आणि मार्गशीर्षात आंबा आपल्या दारी परत आला. त्याचेही एक खोके कोणीतरी वर ठेवले. पाहता पाहता हातगाडी भरली.

सौ. हे सारे पदर खोचून पाहत होती. मग तिने हातगाडीवरून माल उतरवायला सुरुवात केली. दोन किलो कांदे, दोन किलो बटाटे, एक डझन संत्री, तांदूळ तीन किलो, मिरची मूठभर. आंबे दोन. बाकी सारे ज्याचे त्याला परत. एक म्हातारा माथाडी हे बघत उभा होता. साताऱ्याकडचा, मला पहिल्या वर्षापासून ओळखणारा. शंभर किलोचे ओझे मानेवर पेलताना त्याला मी पाहिले आहे, आणि माथाडी कायदा १९६९ साली आला तरी मान तीच राहते हेही त्याच्याकडूनच ऐकले आहे. तो हसून म्हणाला, “वहिनींना वजन कळतं.” या बाजारात यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला आम्ही सागर विहाराजवळच्या धक्क्यावरून निघालो. पाणी नुकतेच वळले होते. ईशान्येकडून थंड मतलई वारा येत होता, आणि पाण्यावर धुके की धूर ते ठरवता येऊ नये असा पडदा. मी सुकाणूवर, ती नाळेवर. तिच्या अंगावर नारिंगी जीवरक्षक जाकीट, डोक्याला रुमाल, आणि हातात पाण्याची खोली अजमावायचा बांबू. शाळेत छडी धरण्याची सवय असल्याने तो तिला शोभत होता.

मग पूल आले. आयुष्यात मी हे पूल किती वेळा ओलांडले असतील त्याची गणती नाही. खालून एकदाही पाहिले नव्हते. वरून पूल म्हणजे रस्ता. खालून तो देवळाच्या सभामंडपासारखा असतो. खांबामागून खांब, गारवा, घुमणारा आवाज, आणि दर ट्रकसरशी माथ्यावर होणारा धडधडाट. तिसऱ्या पुलाची एक बाजू त्याच वर्षी ऑक्टोबरात खुली झाली होती, दुसरीचे काम चालू होते (तीही पुढे २०२५ साली खुली झाली). वरून कांदा चालला होता, फ्लॉवर चालला होता, वेळेशी झुंजत दूध चालले होते. खाली एका खांबाच्या सावलीत एक जोडपे लहानशा होडीत जाळे ओढत बसले होते. नवरा वल्ह्यावर, बायको जाळ्यावर. सौ.ने त्यांच्याकडे पाहून हात वर केला. त्या बाईने जाळे न सोडता हनुवटीने उत्तर दिले. तेवढेच.

पुलांच्या दक्षिणेला खाडी रुंदावते. उजव्या हाताला तुर्भ्याचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी अणुसंशोधन केंद्राचा घुमट दिसतो. त्या बाजूस जायला मनाई आहे, आणि आम्ही आज्ञाधारक नागरिक असल्याने अंतर राखून होतो. डाव्या हाताला नेरुळची घरे आणि तिवरांची हिरवी किनार. पुढे अटल सेतू. जानेवारी २०२४मध्ये खुला झालेला, जवळजवळ बावीस किलोमीटरांचा. तो दिसू लागला आणि आमचे इंजिन एकदा खोकून बंद पडले.

इंजिन बंद पडल्यावर जी शांतता होते तिच्यासारखी शांतता नाही. ओहोटी आम्हाला नेतच होती. भांगाचे पाणी सोशिक खरे, पण ते उभे राहत नाही; आणि समोर सेतूचे खांब हळूहळू जाड होत चालले होते. मी दोरी ओढू लागलो. सौ. मागे आली, इंजिन उचलून वर घेतले आणि म्हणाली, “दोरी राहू द्या. शीड चढवा.” पंख्याला काहीतरी लाल गुंडाळले होते. मी शीड चढवले. खरे म्हणजे मी ओढत होतो आणि ते चढत होते, एवढेच म्हणता येईल. वारा मागून होता, तो त्रिकोणात भरला, होडीने मान वळवली, आणि दोन खांबांच्या मधला उजेड आमच्या समोर आला. ती तोपर्यंत पालथी पडून, अर्धी बाहेर लोंबकळत, मासळीच्या सुरीने ते लाल काहीतरी कापत होती. मी एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने तिच्या जाकिटाचा पट्टा धरला होता. त्या दहा मिनिटांत मी फारसे काही विचार केले नाहीत. एकच आठवतो : हिला पोहता येते, आणि मला येते ते विहिरीतले.

सेतूखालून बाहेर पडल्यावर तिने कापलेले ते चिरगूट माझ्यापुढे टाकले. कांद्याची जाळीदार प्लॅस्टिकची गोणी. ती ओळखायला मला चष्मा लागला नाही. शिवण, सुतळीची गाठ, सारे ओळखीचे. अशा किती हजार गोण्या रोज त्या बाजारात फुटतात! पूर्वी बारदान तागाचे असे. ते कुजून जाई. हे जात नाही. बाजार खाडीकडे पाहत नाही म्हणालो, पण खाडीला तो रोज काही ना काही धाडत असतो, आणि त्याची पट्टी कोणी लिहीत नाही. सौ. ती गोणी घडी करून खोलीत ठेवताना म्हणाली, “कांदे ठेवायला होईल.”

घारापुरीला दुपारी पोचलो. रविवार असल्याने गेटवेकडून येणाऱ्या लाँचांतून माणसांचे लोंढे उतरत होते. लेण्यांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, आणि समुद्राखालून केबल टाकून या बेटावर वीज आली ती २०१८ साली, एवढे सांगून पुढे जातो. त्रिमूर्तीपुढे गर्दी होती, म्हणून आम्ही बाजूच्या शिल्पांकडे गेलो. एकीकडे शंकर-पार्वतीचे लग्न, दुसरीकडे कैलासावर दोघे सारीपाट खेळताहेत. हातपाय बरेचसे भंगलेले, तरी पार्वतीचे रुसणे कळते. सौ. लग्नापुढे क्षणभर आणि सारीपाटापुढे बराच वेळ उभी राहिली. “लग्न एक दिवसाचं,” ती म्हणाली, “हा डाव केव्हापासून चाललाय बघा.”

चारच्या सुमारास मोऱ्याकडे निघालो. घारापुरीवरही मोराबंदर नावाची वाडी आहे. हे मोरे ते नव्हे, उरणचे. मधे न्हावाशेव्याच्या बंदराकडे जाणारा मोठ्या जहाजांचा मार्ग आडवा येतो. ते बंदर १९८९पासून चालू आहे, आणि तिथे येणारे एकेक जहाज म्हणजे सबंध कांदाबाजार उभा करून तरंगायला सोडल्यासारखे दिसते. एक गेले, त्याची लाट आली, आमचा चहा सांडला. मग आम्ही ओलांडलो.

मोऱ्याला तिची एक मावशी आहे, ऐंशीच्या घरातली. आम्ही नांगर टाकतो न टाकतो तोच काठावरून हाक आली, “जावाय होरीन आयलाय गो!” आणि निम्मा कोळीवाडा धक्क्यावर. माझ्याविषयीचे त्यांचे मत सत्तावीस वर्षे कायम होते : माणूस बरा, पण घाटी. त्या संध्याकाळी ते थोडे हलले असावे. मावशीने होडीच्या कडेवरून हात फिरवला, फायबर पाहून नाक मुरडले, आणि मग विचारले, “नाव कंचा?” सौ. म्हणाली, “अजून नाय.” मावशीने माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे.

पहिल्या रात्री झोप आली नाही. होडीत निजणाऱ्याने ऐकू येणाऱ्या आवाजांची यादी करू नये, संपत नाही. पाणी फळीशी काहीतरी कुजबुजत असते, नांगराची दोरी कण्हते, शेजारच्या मचव्यावर खलाशी घोरतो. मध्यरात्रीनंतर पाणी ओसरले आणि बूड चिखलात हलकेच रुतले, तेव्हा कुठे डोळा लागला. दुसरा दिवस नवमीचा. दुपारचा खारा वारा जोरात होता म्हणून आम्ही बंदरातच राहिलो, मावशीकडे जेवलो, दोन आंबे तिला दिले. मार्गशीर्षात आंबा पाहून तिने तो आधी कानाशी नेऊन हलवून पाहिला.

त्या रात्री मात्र निजण्याऐवजी आम्ही बाहेर बसलो. अर्ध्याहून मोठा चंद्र होता. पलीकडे मुंबईचे दिवे. बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मग ती म्हणाली, “होडी विकली तरी चालेल हं.”

मी गप्प राहिलो.

“तुम्ही नको म्हणाल तर मी तोंड वाकडं करणार नाही. मला एकदा स्वतः बाहेर काढायची होती आणि स्वतः परत न्यायची होती. बाबांच्या हयातीत ते झालं नाही. उद्या परत नेली, की झालं माझं.”

सत्तावीस वर्षांत ही बाई काय मनात धरून बसली होती, ते मला तिने एवढ्या तीन वाक्यांत सांगितले. पट्टीच्या शेवटच्या ओळीत सांगतात तसे. मला काही सुचले नाही. मी विचारले, “उद्या दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे ओहोटी दीड-पावणेदोनला संपणार. आपण दीडला निघायचं ना?”

“दीडला,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “पाठ झालं वाटतं!”

दशमीला दीड वाजता नांगर उचलला. भरती आमच्याबरोबर, वारा डाव्या कडेने. या वेळी ती सुकाणूवर होती आणि मी शिडाच्या दोरीवर. इंजिन लावले ते फक्त जहाजांचा मार्ग आणि अटल सेतू ओलांडायला. नेरुळच्या अंगाला चिखलाचे पट्टे अजून उघडे होते आणि त्यांवर रोहित पक्षी. हिवाळ्याचे पाहुणे हजारोंनी येतात ते अजून यायचे होते; आलेले थोडे पुढारी मान खाली घालून चिखल गाळीत होते. याच खाडीचा एक भाग २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत गेला. गुलाबी रंग दुरून पाहावा, जवळून ते पक्षी फार गंभीर दिसतात, आमच्या दाणाबाजारातल्या नमुने पाहणाऱ्या व्यापाऱ्यांसारखे. आम्ही जवळ गेलो नाही. शीड पाहून ते उठले तर त्यांचे जेवण मोडते, असे ती म्हणाली.

पुलांखालून आलो तेव्हा सूर्य मानखुर्दकडे उतरला होता आणि वर संध्याकाळची कोंडी सुरू झाली होती. हॉर्न ऐकू येत होते. धक्का दिसू लागल्यावर तिने शीड उतरवायला सांगितले, इंजिनाला हात लावला नाही, आणि भरतीच्या उरलेल्या ओढीवर, एका बोटाने सुकाणू धरल्यासारखे करीत, बावीस फुटांची ती होडी धक्क्याला अशी लावली की मधे ठेवायचे टायर मी टाकायच्या आतच ती थांबली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धक्क्यावर एक पोरगा गळ टाकून बसला होता, त्याने पाय तेवढे वर घेतले.

मावसभाऊ उभा होता. खिशातून पाकिटाचे टोक दिसत होते. बयाणा घेऊनच आला होता बिचारा. त्याने दोर झेलला, गाठ मारली आणि माझ्याकडे पाहिले. सौ. माझ्याकडे पाहत नव्हती. ती कांद्याच्या लाल गोणीत ओले कपडे भरीत होती.

मी त्याला विचारले, “तुझ्याकडे काळा रंग आहे का रे? आणि अर्ध्या इंचाचा ब्रश?”

त्याने पाकीट आत सारले आणि हसत रंग आणायला गेला. सौ.ने कपडे भरायचे थांबवले नाही, पण तेच एक पातळ ती दोनदा घडी करीत होती. म्हणाली, “नाव काय घालणार?”

“ते तू सांग. मी हिशेबनीस. अक्षर माझं, मजकूर धन्याचा.”

तिने तिच्या बाबांच्या होडीचे नाव सांगितले. ते मी प्रथमच ऐकले. ते इथे लिहीत नाही. वाशीला याल तेव्हा धक्क्यावर वाचा. अक्षर शेवटाकडे जरा वर चढले आहे, पण ते मी लिहीत होतो तेव्हा पाणी अजून चढत होते.